सोवळं नावाचं दुखणं

आमच्या घरात धाकटीला ते दुखणं लागलं तेव्हा पेढे वाटायचे काय ते बाकी राहिले होते. सहा वर्षांची पोर दिवसातून वीस-पंचवीस वेळा हात धुते, जमिनीवर पडलेलं काही उचलत नाही, रस्त्यात कुणाचा पदर लागला तर घरी येऊन आधी मोरीत उभी राहते, हे बघून माझ्या आत्याला भरून यायचं. ‘मागच्या जन्मीची कुणीतरी तपस्विनी आहे हो,’ असं ती येईल त्याला सांगायची. येणारेही मान डोलवायचे. त्यांतल्या एकालाही पोरीच्या हातांकडे नीट बघावंसं वाटलं नाही. हात पेरापेराशी फुटले होते आणि भेगांतून रक्त यायचं.

ही सोलापुरातली गोष्ट, लोक गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावायचे तेव्हाची. वडील गिरणीच्या कचेरीत कारकून होते. विणकरांच्या गल्लीच्या तोंडाशी आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे अंगण आणि अंगणात आड. गल्लीत सगळी तेलुगू बोलणारी माणसं. सकाळपासून मागांची खटखट चालू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. आत्याला त्या गल्लीची किळस होती. खरं म्हणजे तिला बहुतेक सगळ्या जगाचीच किळस होती, पण जग लांब होतं आणि गल्ली दारात होती.

आत्या वडिलांची थोरली बहीण. बाराव्या वर्षी विधवा झालेली, लाल आलवणातली. तिच्या वाट्याला आलं ते वाईटच होतं आणि तेवढ्यापुरती मला आज तिची कीव येते. पण त्याचा सूड तिने आमच्यावर पाण्याने उगवला. आडाचं पाणी तिचं वेगळं, घागर वेगळी, दोरसुद्धा वेगळा. ती सोवळ्यात असताना आम्ही भावंडं भिंतीला चिकटून चालायचो. आमची आई तिला ‘वन्सं’ म्हणायची आणि त्यापलीकडे फारसं काही म्हणायची नाही.

वडील सुधारक होते. म्हणजे वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. अस्पृश्यता कशी जायला हवी, बालविधवांचं काय व्हायला हवं, हे सगळं ते झोपाळ्यावर बसून आम्हाला वाचून दाखवायचे आणि आतून आत्याची हाक आली की वर्तमानपत्र घडी घालून उशीखाली सारायचे. असे सुधारक त्या काळात पुष्कळ होते. बायकांच्या भांडणात आपण पडू नये एवढीच त्यांची सुधारणा.

धाकटीच्या पाठीवर आमच्याकडे मुलगा झाला होता. आठ महिन्यांचा होऊन थंडीत तापाने गेला. चौथ्या दिवशी आत्या चुलीपाशी बसून आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, ‘घरात शिवाशिव पाळायची नाही म्हटल्यावर दुसरं काय व्हायचं? कुणीतरी ओवळ्या हाताने पाळण्याला शिवलं असणार.’ आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. धाकटी तिथेच उंबऱ्यात चिंचोके खेळत होती. तिने चिंचोके खाली ठेवले आणि आपल्या तळव्यांकडे बघितलं. मी दहा वर्षांची होते. मी ते पाहिलं आणि विसरून गेले.

आताचे शिकलेले डॉक्टर म्हणतात, हा आजार कुणाच्या एका बोलण्याने लागत नाही, तो माणसाच्या मेंदूतच असतो. असेल. पण त्याला रोज चार वेळा ताटं वाढायला माणसं लागतात आणि ती आमच्याकडे मुबलक होती.

चैत्र लागेपर्यंत धाकटीचं धुणं सुरू झालं होतं. आधी हात, मग कोपरापर्यंत, मग पाय. तीन वेळा पाणी घ्यायचं, मध्ये कुणी बोललं तर परत पहिल्यापासून. दप्तर शाळेतून आलं की ते दाराबाहेर, कारण शाळेच्या बाकावर कोण बसलं असेल सांगता येत नाही. आत्या कौतुकाने तिच्यासाठी वेगळा तांब्या घेऊन आली. ‘बघ, शीक काहीतरी धाकट्या बहिणीकडून,’ हे मला दिवसातून दोनदा ऐकावं लागायचं. मी तेव्हा तिचा रागराग करायची, खोटं कशाला बोलू.

पण मी तिच्याजवळ झोपायची, त्यामुळे आत्याला दिसत नव्हतं ते मला दिसायचं. आत्या आंघोळ करून सोवळ्यात आली की तिचा चेहरा सुखावलेला असायचा. धाकटी धुऊन आली की रडवेली असायची. धुऊन झाल्यावर ती आईला जाऊन विचारायची, ‘आई, मघाशी मी तुझ्या पदराला शिवले नाही ना?’ आई म्हणायची, ‘नाही गं बाळ.’ तिचा चेहरा क्षणभर निवळायचा. मग परत, ‘नक्की नाही ना?’ ‘नाही हो.’ ‘शप्पथ?’ पोळ्या लाटता लाटता आई पंधरा वेळा शप्पथ घ्यायची. भाद्रपदात आईला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं आणि तेव्हापासून धाकटीचे प्रश्न दुपटीने वाढले.

मी एकदा वैतागून तिला म्हटलं, ‘अगं, नाही लागलं म्हणून सांगितलं ना! वेडी आहेस का?’

ती म्हणाली, ‘मला कळतं गं ताई, नाही लागलं. पण हात ऐकत नाहीत.’ आणि मग माझ्या कानाशी येऊन, ‘मी नाही धुतले तर आई मरेल. बाळ मेलं तशी.’

एवढं स्पष्ट निदान त्या वर्षात आमच्याकडे येऊन गेलेल्या एकाही मोठ्या माणसाला करता आलं नाही. सहा वर्षांच्या पोरीने एका वाक्यात केलं आणि मीही ते कुणाला सांगितलं नाही, कारण मला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं.

आश्विनात नवरात्र आलं. अष्टमीला कुमारिकेला जेवायला बोलवायची पद्धत. तिचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, आधी तिला वाढायचं. धाकटीच्या सोवळ्याची कीर्ती एवढी पसरली होती, की नव्या पेठेतल्या एका सराफांच्या घरून आमंत्रण आलं. आत्या स्वतः तिला घेऊन गेली, मागे शेपूट म्हणून मी. सराफीणबाई पाटल्या सावरून चांदीच्या ताम्हनात धाकटीचे पाय धुवायला बसल्या. धुऊन पुसले. धाकटी म्हणाली, ‘परत.’ बायका हसल्या. बाईंनी परत धुतले. धाकटी म्हणाली, ‘मध्ये त्या बोलल्या. परत.’ तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. चौथ्या वेळी बाईंच्या पदराचं टोक ताम्हनात गेलं आणि धाकटी किंचाळली. ती पाटावरून उठून पळाली आणि परसातल्या हौदाशी जाऊन पाय घासत बसली. पुरणाचं ताट तसंच राहिलं. बायका एकमेकींकडे बघून जे बोलायचं ते डोळ्यांनी बोलल्या.

घरी आल्यावर आत्याने तिचा दंड धरला. धाकटीने तो झटकला आणि म्हणाली, ‘तू मला शिवू नकोस. तू रस्त्यातून आलीस. तू धुतलं नाहीस.’

तिचं म्हणणं आत्याच्याच शास्त्राप्रमाणे सोळा आणे बरोबर होतं. आत्याने तोंडाला पदर लावला. आयुष्यभर तिने जगाला हेच ऐकवलं होतं, तिला कुणी ऐकवलं नव्हतं. त्या दुपारी पूर्वजन्मीची तपस्विनी गेली आणि तिच्या जागी बाधा झालेली कार्टी आली. हात तेच, धुणं तेच. फक्त आत्याला शिवायला नको म्हटलं, एवढ्याने.

मग उपाय सुरू झाले. ते आठवले की अजून माझं डोकं फिरतं. वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी धरायला हात पुढे केला, धाकटी हात देईना, तर त्यांनी लांबूनच वात सांगितला आणि एरंडेल दिलं. आठ दिवस पोर परसाकडे पळत होती आणि तिथून आली की अर्थातच धूत होती. वैद्यबुवांचं औषध लागू पडत नाही, दुखणंच खोडसाळ आहे, असं ठरलं. मग एक देवऋषी आला. लिंबू, अंगारा, धूप. तो अंगारा तिच्या कपाळाला लावला तेव्हा ती तो धुवायला धावली, यावरून आत भूत आहे हे त्याने सिद्ध केलं. शाळेतल्या मास्तरांनी हातांवर छड्या मारल्या, फुटलेल्या हातांवर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि इंग्रजीत काहीतरी म्हणून वडिलांना मराठीत सांगितलं, ‘लाडावलीय हो पोर.’ वडिलांना इंग्रजीचा फार आदर. त्यांनी घरी येऊन तिचे लाड बंद केले, म्हणजे जे नव्हतेच ते बंद केले.

शेवटी आत्याने तिचे हात जुन्या लुगड्याच्या पट्टीने खाटेच्या खुराला बांधले. दोन दिवस. ओरडून ओरडून तिचा घसा बसला, मग ती नुसती ओठ हलवत राहिली. सोडल्यावर तिने आडाशी बसून सबंध सकाळ धुतलं. वडील त्या दोन दिवसांत कचेरीतून उशिरा येत होते. कामाचा ताण होता म्हणे.

पौषात आत्याने नवस बोलला. धाकटीची बाधा जाण्यासाठी पिंपळाला लक्ष प्रदक्षिणा. रोज पहाटे ती तळ्याकडच्या देवळात जायची आणि जेवणवेळेला यायची. प्रदक्षिणा मोजायला ओच्यात गव्हाचे दाणे. मोजणीत चूक झाल्याची शंका आली की त्या दिवसाच्या सगळ्या परत घालायची. तिला मात्र कुणी एरंडेल दिलं नाही. तर आत्या रोज सकाळी घराबाहेर, ही त्या नवसाची खरी फलश्रुती.

आमच्या समोरच्या घरात एक विणकरीण होती, चाळिशीची, उंच, काळीसावळी. गल्ली तिला अक्का म्हणायची, आम्हीही म्हणायचो. तिने धाकटीला आडावर बसलेली रोज पाहिली होती. एक दिवस कुंपणापलीकडून ती आईला म्हणाली, ‘वैनी, राग मानू नका. ह्ये भूत न्हाय. माज्या भावाला व्हतं की. त्यो गाठी मोजायचा. मागावर बसला की गाठ मोजायची, सोडायची, परत बांधायची. आमच्या लोकांनी डाग दिलं त्याला, लई मारलं. कायबी झालं न्हाय.’

आई म्हणाली, ‘मग?’

‘मग माज्या आईनं मार बंद केला. त्याच्या हाताला काम दिलं आन् बाजूला बसली. मोजू दिलं न्हाय. त्यो रडला. ती बसली. रडून रडून दमला की कळायचं, न मोजताबी आभाळ पडत न्हाय. एका दिसात न्हाय झालं. पर झालं.’

मग आईने आयुष्यातली पहिली, आणि बहुतेक शेवटची, बंडखोरी केली. ती म्हणाली, ‘वन्सं सकाळी नसतात.’

दुसऱ्या दिवसापासून मी धाकटीला घेऊन समोर जायला लागले. सकाळी गल्लीत ताणा पसरलेला असायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे धागे ताणून धरलेले. त्यांना ज्वारीच्या पिठाची खळ द्यायची. दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे फिरवत चालायची आणि मध्ये धागा तुटला की लहान बोटांनी तो खळीतच वळून जोडायचा. त्या कामाला एक नियम होता: खळ वाळेपर्यंत पाण्याचा हात लावायचा नाही. लावला तर तिथली खळ सुटते आणि पुढे मागावर धागा बरोबर तिथेच तुटतो. हा नियम कुणी धाकटीसाठी केला नव्हता. गल्लीतली सगळी पोरं तो पाळायची. मला वाटतं, त्यामुळेच तिला तो पाळता आला.

पहिल्या दिवशी अक्काने तिचा हात धरून खळीच्या घमेल्यात बुडवला. आमच्या घरच्या हिशेबाने हे केवढं पाप, शूद्राच्या घरचं पीठ, त्यात ओला हात! धाकटी पांढरीफटक पडली. ‘मला धुवायचंय.’

‘धू की. खळ वाळली की.’

‘मला विटाळ लागला का?’

मला वाटलं अक्का नाही म्हणेल. सगळे नाहीच म्हणायचे. अक्का म्हणाली, ‘लागला असंल. असू दे. त्यो धागा बग.’

‘माझी आई मरेल?’

‘मला काय ठावं? मी द्येव हाय व्हय? धागा तुटला बग तितं.’

धाकटी भोकाड पसरून रडली. अक्का तिला ना रागावली, ना कुशीत घेतलं. शेजारी उकिडवी बसून राहिली आणि आपलं काम करत राहिली. मी तिथून पळून जायच्या बेतात होते. एवढ्यात मला दिसलं, धाकटीच्या हातांनी तुटलेली दोन टोकं उचलली होती. ती हुंदके देत देत धागा वळत होती. रडणं मग आपोआप बारीक झालं. खळ वाळल्यावर अक्काने तिच्या हातावर पाणी घातलं, एकदा. धाकटीने परत हात पुढे केले तर अक्काने तांब्या उचलून आत नेला. ‘उद्या,’ म्हणाली.

आईलाही अक्काने कुंपणापलीकडून शिकवलं. ‘तिनं इचारलं तर न्हाय लागलं म्हनू नका. तुमी म्हनता तवा तिला घोटभर बरं वाटतं, मग परत तहान.’ आईला ते फार जड गेलं. पोर पायाशी लोळण घेऊन विचारत होती आणि आई ओठ आवळून भाकरी थापत होती. पण तिने केलं. आमच्या घरात जिला सगळ्यांनी मिळून भित्री ठरवलं होतं त्या बाईने केलं.

मी काही चमत्कार सांगत नाही. पंधरा दिवस तर ती रोज तिथे रडली. मधले चार दिवस गेलीच नाही. मग परत गेली. पण माघ सरता सरता तिच्या भेगा मिटायला लागल्या. फाल्गुनात ती अक्काच्या ओट्यावर बसून एकदाच हात धुऊन शेंगाचटणी आणि भाकरी खायला लागली. तिची बोटं मुळात निगुतीची, तुटका धागा तिला सगळ्यांच्या आधी दिसायचा. अक्का तिला ‘बंगारू’ म्हणायची, सोनं. एकदा धाकटीने खळीच्या हाताने माझ्या नाकाला बोट लावलं आणि हसली. मी तिला वर्षभरात हसताना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि ते लपवायला मी तिला चापट मारली.

आत्याला फरक दिसलाच. दिसणारच. आणि तिने तो कुणाच्या नावावर मांडला असेल? पिंपळाला पन्नास-साठ हजार प्रदक्षिणा झाल्या होत्या. तिने चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना बसवून घेतलं, आणि आपण थंडीत कशा अनवाणी फिरलो, पायाला कसे फोड आले, तिसऱ्या आठवड्यात पिंपळाच्या पानातून कसा आवाज आला, हे सगळं रंगवून सांगायला सुरुवात केली. स्वतः कोपऱ्यात, कारण विधवेने हळदीकुंकवात बसायचं नसतं, पण आवाज मात्र घरभर. बायका डाळ खात खात ‘अगंबाई’ करत होत्या. धाकटीला पुढे बोलावून तिचे हात दाखवले गेले. ‘बघा, भेग तरी आहे का एक? पिंपळ माझ्या नवसाला पावला हो.’

मला आत्याचा भयंकर तिटकारा आला. ज्या बाईने तिचे हात बांधले तीच ते हात मिरवत होती. गप्प बसायचं हे आईने मला शंभर वेळा बजावलं होतं. आईचे डोळे आताही मला तेच सांगत होते. आठवा महिना सरत आला होता आणि ती खांबाला टेकून उभी होती. पण मला त्या बाईचा तोरा उतरवायचा होता, तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. मी उठून म्हणाले, ‘तुझ्या प्रदक्षिणांनी काही झालेलं नाही. तिला समोरच्या अक्काने बरी केलीय. ती रोज त्यांच्या खळीत हात घालते आणि त्यांच्या ओट्यावर भाकरी खाते.’

फार छान वाटलं मला. ते छान वाटणं किती वेळ टिकलं असेल? आत्याचा चेहरा उतरला, तेवढं मी पाहून घेतलं. मग बायकांनी हातातल्या डाळीच्या वाट्या खाली ठेवायला सुरुवात केली, एकेक करून. आमच्या घरचं खाणं त्यांना आता चालणार नव्हतं.

मी आयुष्यभर आत्याला नावं ठेवली आणि अजून ठेवते. पण त्या दिवशी माझ्यात आणि तिच्यात फरक काय होता? तिला धाकटीपेक्षा आपला नवस मोठा वाटला, मला धाकटीपेक्षा आपला टोमणा.

प्रायश्चित्त ठरलं. वडिलांनी विरोध केला असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने ते मनातून काढून टाकावं. ते म्हणाले, ‘एकदाचं उरकून टाका, घरात शांतता हवी.’ भटजी आले. धाकटीला पंचगव्य पाजलं, ओल्या वस्त्राने आडाशी उभी करून डोक्यावरून घागरींवर घागरी ओतल्या. जे धुणं थांबवायला तीन महिने लागले होते ते भटजींनी मंत्र म्हणून तिच्याकडून करवून घेतलं. वर आत्याने शांतपणे, अगदी प्रेमाने, तिला सांगितलं, ‘आता जप हो. आईचे दिवस भरत आलेत. तुझ्या हातून झालं ते झालं, पण आता जरा जरी ओवळं झालं तर तिच्या जिवावर बेतेल.’

अक्का एकदा दारापर्यंत आली. ‘पोरीला भेटू द्या की, वैनी. मधीच सोडलं तर उलटंल.’ आत्याने ती उभी होती त्या पायरीवर, ती उभी असतानाच, पाणी शिंपडलं. अक्का ओल्या पायांनी परत गेली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

धाकटीचं धुणं आठ दिवसांत परतलं, पहिल्यापेक्षा वाईट. आता ती रडतही नव्हती.

वैशाखात एका सकाळी आईला कळा सुरू झाल्या. सुईण आत गेली, दार लागलं. धाकटी आडाशी जाऊन बसली. तिने मला हाक मारली आणि हात पुढे केले. आडाने तळ गाठला होता, पोहरा खडखडत वर यायचा आणि निम्मं पाणी गढूळ असायचं. मी ओतत होते. ती मनातल्या मनात मोजत होती. आतून आई ओरडली की ती मोजणं चुकायची आणि परत एकपासून. ऊन डोक्यावर आलं. भेगा पुन्हा उघडल्या आणि पाणी दगडावरून लालसर वाहायला लागलं. मी म्हटलं, ‘पुरे गं.’ ती म्हणाली, ‘घाल.’ मी घातलं. मला अक्काला हाक मारता आली असती, ती समोरच होती. मी मारली नाही. मला तिच्याकडे बघायची लाज वाटत होती.

दुपारी बाळ रडलं. मुलगी झाली होती, ठणठणीत, आणि आईही ठीक होती. वडिलांनी कचेरीतून येताना साखर आणली. आत्या दारात येऊन, सगळ्या शेजारणींना ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘वाचली हो, पोरीच्या सोवळ्याने वाचली!’

धाकटी अजून आडाशीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे असे, जसे फार हुशार मुलीचे गणित सोडवताना होतात. ती म्हणाली, ‘ताई, अक्का म्हणाली होती की न धुताही काही होत नाही. मग आई वाचली ती कशामुळे?’

खरं उत्तर मला येत होतं. अक्काने तीन महिने ते माझ्या देखत दिलं होतं: मला काय ठाऊक, मी देव आहे का. पण पोरीने सबंध दिवस उन्हात बसून रक्त काढलं होतं, आणि तिच्यावर हे सगळं मी आणलं होतं. मला तिला काहीतरी द्यायचं होतं. एकदा तरी ती हसावी असं वाटलं.

मी म्हटलं, ‘तुझ्यामुळे.’

ती हसली. मग तिने परत हात पुढे केले, आणि मी पोहरा आडात सोडला.